कोकणातलं खासगी जंगल, स्थानिक झाडं आणि लाकूड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हिरवागार डोंगर दिसला की तो वनखात्याचा असणार, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तो कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. त्यामुळे इथल्या जंगलाचं पुढे काय होणार हे मंत्रालयात कमी आणि घराच्या पडवीत जास्त ठरतं. जमीनमालक, सुतार, घर बांधायला काढलेली माणसं आणि मुंबई-पुण्यात राहणारे वारसदार हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उदाहरणं मुख्यतः कोकणातली आहेत. विदर्भाकडून शिकण्यासारखं आहे तिथे विदर्भातलीही घेतली आहेत.

कोकणातलं जंगल खरंच खासगी आहे का?

दक्षिण कोकणात बहुतेक, हो. गडचिरोली-चंद्रपूरकडे ब्रिटिश काळापासून राखीव जंगलांचे मोठे सलग पट्टे आहेत. ठाणे-रायगडातही सरकारी जंगल बऱ्यापैकी आहे. रत्नागिरीत मात्र ते नावापुरतं, आणि सिंधुदुर्गातही थोडंच. परड्यामागचा डोंगर, वरकस (भात न होणारी डोंगरउताराची) जमीन, पऱ्ह्याकाठची म्हणजे ओढ्याकाठची राई हे सगळं कुळांचं, भावकीचं, देवस्थानचं. धनेश, शेकरू, खवले मांजर यांच्या वाट्याला अभयारण्य फार थोडं येतं. त्यांचा मुक्काम बराचसा तुमच्या-आमच्या जमिनीवरच असतो.

लाकूड वापरणंच बंद केलं तर जंगल वाचेल का?

नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या झाडापासून मालकाला काहीच मिळत नाही ते झाड फार काळ उभं राहत नाही. जमीन मग रबराला जाते, चिरेखाणीला जाते किंवा प्लॉट पाडून विकली जाते. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबर आणि अननसासाठी किती रान साफ झालं हे डोळ्यांसमोर आहे. तिथे उच्च न्यायालयाला तोडबंदीचा आदेश द्यावा लागला.

दुसरी बाजूही आहे. घरात लाकूड घातलं नाही तर त्या जागी लोखंड, सिमेंट, पीव्हीसी येतं, आणि ते बनवायला भरपूर इंधन जळतं. वाळलेल्या लाकडात वजनाने साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे एक टन कोरडं लाकूड वाढताना झाडाने हवेतून सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड घेतलेला असतो. त्या लाकडाची भाल (तुळई) किंवा वासा झाला तर तो कार्बन घर उभं आहे तोवर घरातच राहतो.

खरं दुखणं वेगळंच आहे. कोकणात तुटणाऱ्या लाकडाचा मोठा हिस्सा घरापर्यंत पोहोचतच नाही. तो ट्रकने घाट चढतो आणि कारखान्याच्या बॉयलरमध्ये किंवा वीटभट्टीत जातो, नाहीतर इथेच त्याचा कोळसा पाडला जातो. फळीचं लाकूड घनफुटावर विकलं जातं, जळाऊ लाकूड टनावर. किंजळीचा सरळसोट बुंधा जेव्हा टनाच्या भावाने जातो, तेव्हा मालक बुडतो, सुताराला लाकूड मिळत नाही आणि डोंगरही उघडा पडतो. या भागातल्या वनशेतीचं भवितव्य या एका गोष्टीवर अवलंबून आहे: आपलं लाकूड टनाच्या बाजारातून काढून घनफुटाच्या बाजारात कसं नेता येईल.

ठेकेदार आख्खा डोंगर उक्ता (न मोजता, एकरकमी) मागतोय. द्यावा का?

उक्ता देऊ नका. गरज असेल, मुलीचं लग्न असेल, आजारपण असेल, तरी उक्ता देऊ नका. उक्त्या व्यवहारात ठेकेदाराला झाडांची मोजणी नको असते, कारण मोजणी झाली की तुम्हाला किंमत कळते.

आधी स्वतः फिरा. जमिनीपासून साडेचार फुटांवर प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर टेपने मोजा, झाडाचं नाव लिहा, बुंधा सरळ किती फूट आहे ते अंदाजाने टिपा. वहीत तीस-चाळीस मोठी झाडं आली तरी बोलणी बदलतात. मग काय द्यायचं नाही ते आधी ठरवा. पऱ्ह्याच्या दोन्ही काठांवरची झाडं, ढोलीची झाडं, भरपूर बी धरणारी थोराड झाडं आणि फळझाडं यांना चुन्याचा पट्टा मारून वेगळी काढा. उरलेल्यांपैकी विकायची तेवढीच नावानिशी कागदावर लिहा.

आणि करारात एक वाक्य जरूर घाला: यंत्राने बुंधे उपटायचे नाहीत. पूर्वी कुऱ्हाड आणि करवत होती तेव्हा खोड जमिनीत राहायचं आणि त्याला धुमारे यायचे. आता काजूची लागवड करायची म्हणून जेसीबी लावून मुळासकट रान काढतात. तशा जमिनीवर जुनं जंगल परत यायला बी बाहेरूनच यावं लागतं, आणि आजूबाजूचा डोंगरही तसाच साफ झालेला असेल तर ते येणार कुठून?

पण आमच्याकडे तर तोडलं की आठ-दहा वर्षांत पुन्हा रान होतं. मग बिघडलं काय?

फुटवा येतो हे अगदी खरं आहे, आणि ती आपली केवढी तरी मोठी दौलत आहे. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, शिवण, हेद ही झाडं खोडापासून जोमाने फुटतात. जुन्या मुळांचा पसारा तयार असल्यामुळे हे धुमारे नव्या रोपाच्या कितीतरी पुढे धावतात.

बिघडतं ते आठ-दहा वर्षांनी पुन्हा सरसकट तोड झाली की. तेव्हा बुंधे मनगटाएवढे, फार तर मांडीएवढे झालेले असतात. त्यात पक्का गाभा नसतो, त्यामुळे ते जळाऊ म्हणूनच विकले जातात. असं पिढ्यान् पिढ्या चाललं की त्या जमिनीवर इमारती लाकूड कधी तयारच होत नाही आणि मालक कायम सर्वांत स्वस्त माल विकत राहतो. शिवाय जी झाडं फुटव्यावर तग धरत नाहीत, ज्यांना सावली आणि ओल लागते, ती प्रत्येक तोडीला मागे हटतात. बी धरायच्या वयाची झाडं उरत नाहीत. मोठ्या ढोल्या नाहीत म्हणजे धनेशाला घरटं नाही, आणि धनेश नाही म्हणजे मोठ्या फळांच्या बिया डोंगरभर पसरवणारा नाही.

उताराचा मुद्दा निराळा आणि जास्त गंभीर आहे. झाड तुटून मेलं की त्याची मुळं लगेच नाही, काही वर्षांत कुजतात, आणि मातीची पकड त्या वेळी सुटते. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाडजवळ तळीये गावावर दरड आली. एवढ्या पावसाला एका कारणावर बोट ठेवता येत नाही. तरी ज्या उतारावर चढताना हाताचा आधार घ्यावा लागतो, तिथे सरसकट तोड करू नये, एवढा नियम गावाने स्वतःच्या भल्यासाठी घालून घ्यावा.

मग तोड करायची कशी?

विरळणी करून. एका खोडाला सात-आठ धुमारे आले असतील तर दोन-तीन वर्षांनी त्यातले दोन सरळ, निरोगी ठेवा आणि बाकीचे काढा. काढलेले वई-कुंपणाला, मांडवाला, चुलीला येतात. आणखी सात-आठ वर्षांनी दोनातला एक ठेवा. त्याला आता सगळा उजेड आणि सगळं मूळ मिळतं. पंचवीस-तीस वर्षांत तो वाशाच्या मापाचा होतो, पुढे खांबाच्या. दरम्यान प्रत्येक वेळी थोडं उत्पन्न मिळत राहतं.

डोंगराचे तुकडे पाडा आणि दर काही वर्षांनी एकाच तुकड्यातली निवडक झाडं काढा. तोड पावसाळा संपून जमीन वाळल्यावर करा. बुंधा जमिनीलगत, किंचित तिरपा कापा म्हणजे पाणी साचून खोड कुजत नाही.

कोणतं स्थानिक लाकूड कशाला वापरतात?

हा प्रश्न पूर्वी कुणी विचारत नसे, कारण घरातला प्रत्येक माणूस ते जाणत होता. आता दुकानात ‘साग’ आणि ‘जंगली’ अशा दोनच जाती उरल्यात. त्या ‘जंगली’ शब्दाखाली चाळीस-पन्नास जातींचं ज्ञान गाडलं गेलं आहे याचं फार वाईट वाटतं.

ऐन जड, मजबूत. खांब, भाल, वासे यांना पिढ्यान् पिढ्या वापरलेला. वाळताना तडकतो, म्हणून घाई करायची नाही. किंजळ त्याच कामाची, पाण्या-पावसाला जास्त टिकणारी. जांभळाचं लाकूड पाण्याखाली सडत नाही, म्हणून विहिरीत तेच घालत. फणस पिवळाधमक, ऊन-हवा लागली की तांबूस होत जाणारा, करवतीला आणि पटाशीला मऊ. देव्हारे, दारं, पेट्या याच्या. बिबळा टिकाऊ, रंगाला देखणा. हेद पिवळसर आणि बारीक पोताचा, फळ्यांना आणि कोरीव कामाला चांगला. नाणा फर्निचरला उत्तम, आणि आज दक्षिण कोकणात सरळ बुंध्याचा जुना नाणा दिसला तर थांबून बघावा इतका कमी झालाय. शिवण हलकी आणि वाळल्यावर आकार न बदलणारी, म्हणून दारांच्या चौकटींपासून वाद्यांपर्यंत तिला मागणी. पांगारा हलका, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना तोच लागायचा. उंडी होड्यांची. काटेसावर मऊ, पण पेट्या आणि काड्यापेटीला चालणारी.

शिसव सर्वांत मौल्यवान. म्हणूनच ती सर्वांत आधी संपली. २०१७ पासून शिसवाच्या आख्ख्या कुळीचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘सायटिस’ या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या जागतिक कराराच्या देखरेखीखाली आला आहे. तुमच्या जमिनीवर शिसव असेल तर ती विकण्याआधी तिचं बी धरा.

यातलं कुठलंही लाकूड ओलं वापरलं तर ते वाकणार, फाटणार आणि दोष मात्र झाडाला लागणार. कापल्यावर दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावा, फळ्यांमध्ये रिपा घालून सावलीत थर रचा, वारा खेळू द्या. पातळ फळीला काही महिने, जाड खांबाला वर्ष-दीड वर्ष लागतं. सागाला स्वतःचं तेल असतं आणि तो घाई सहन करतो. ऐनाला घाई चालत नाही. ‘स्थानिक लाकूड टिकत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा न वाळवलेल्या लाकडाची असते.

सगळ्या जमिनीवर साग लावला तर पंधरा वर्षांत लाखो रुपये मिळतील, असं सांगतात. खरं आहे का?

१९९० च्या दशकातही असंच सांगून अनेक कंपन्यांनी देशभर लोकांकडून पैसे गोळा केले. त्यात इतके लोक बुडाले की १९९९ मध्ये सेबीला (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेला) अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. झाडाला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठलीही जाहिरात कमी करू शकत नाही.

साग आपलाच वृक्ष आहे, उत्तम आहे. आलापल्ली-बल्लारशाच्या सागाची ख्याती देशभर आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये लाकूड बल्लारशाहूनच गेलं. पण तो साग अनेक दशकं वाढलेला असतो. केरळात निलांबूरला १८४० च्या दशकात कलेक्टर कनोली यांच्या पुढाकाराने लावलेल्या सागवनाचा एक तुकडा आजही राखून ठेवलाय. पूर्ण वाढलेला साग काय असतो ते तिथे कळतं. पंधरा-वीस वर्षांच्या शेतातल्या सागात पांढरं, कच्चं लाकूड जास्त आणि गाभा कमी असतो. त्याला बाजारभाव मिळतो, पण जाहिरातीतला नाही.

लावायचा असेल तर बांधावर, पाणी न साचणाऱ्या खोल मातीत लावा. चांगलं मिश्र रान तोडून त्या जागी एकट्या सागाची लागवड करणं हे मात्र साफ नुकसानीचं आहे. पावसात सागाच्या रुंद पानांवरून मोठाले थेंब पडतात, खाली झुडुपं नसली तर माती वाहून जाते. एखादी कीड आली तर ती सगळीकडे एकदमच येते. ऐन, किंजळ, बिबळा, फणस, शिवण यांच्यात मिसळलेला साग सुखात वाढतो.

आकेशिया, निलगिरी, गिरिपुष्प ही झाडं काढून टाकावीत का?

सरसकट नको. सामाजिक वनीकरणाच्या काळात कोकणात ऑस्ट्रेलियन आकेशिया भरपूर लावला गेला, कारण तो कातळाळ जमिनीतही उठतो आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. त्याची पानं लवकर कुजत नाहीत, खाली दुसरं फार काही येत नाही. पण जळाऊ लाकडाची गरज कुठून तरी भागणारच आहे, तर ती आधी याच झाडांनी भागवावी. टप्प्याटप्प्याने आकेशिया तोडा आणि मोकळ्या जागी ऐन, किंजळ, बेहडा लावा. आकेशियाचं चांगलं वाढलेलं लाकूड फर्निचरलाही चालतं. गिरिपुष्प तर राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) ऐन-किंजळीची कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडण्याला चांगला पर्याय आहे. त्याचा पाला थेट खाचरात घालता येतो. त्याला बांधावर राहू द्या, डोंगरात नेऊ नका.

बांबूचं काय?

बांबूत मला या सगळ्यांत लवकर आशा दिसते. कारण सरळ आहे: चार-पाच वर्षांत उत्पन्न सुरू होतं, दरवर्षी मिळतं आणि बेट उभंच राहतं. सिंधुदुर्गातला माणगा भरीव, सरळ आणि जवळजवळ बिनकाट्याचा, म्हणून त्याला शेतीपासून फर्निचरपर्यंत गिऱ्हाईक आहे. विदर्भात मानवेल, नदीकाठी काटेरी कळक. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूची तोड आणि वाहतूक पुष्कळ सोपी झाली.

दोन पथ्यं आहेत. तीन वर्षांच्या आतली काठी तोडायची नाही. ती घराला लागली की भुंगा धरतो. आणि तोडलेली काठी बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवल्याशिवाय बांधकामात घालायची नाही. जुनी माणसं वाहत्या पाण्यात काठ्या बुडवून ठेवत, त्यामागेही किडीला आवडणारा पिठूळ अंश धुऊन काढण्याचाच हेतू होता.

तोडीची परवानगी लागते का?

अनेक जातींसाठी, हो. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, चिंच, जांभूळ, चंदन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीवर असली तरी परवानगीविना तोडता येत नाहीत. वाहतुकीसाठी वेगळा पास लागतो. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो त्यांना ठेकेदारांच्या लुबाडणुकीपासून वाचवण्यासाठी आहे हे लक्षात असू द्या. शहरात १९७५ चा नागरी क्षेत्रांचा वृक्ष कायदा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं.

अर्ज करण्याआधी सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात खासगी वनाची नोंद आहे का ते बघा. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यामुळे कोकणात अशा नोंदी बऱ्याच आहेत, आणि नोंद असेल तर सगळाच मामला बदलतो. चौकशी परिक्षेत्र वन अधिकाऱ्याच्या कार्यालयातच करा. ठेकेदार ‘ते मी बघतो’ म्हणाला तरी कागदावर जबाबदार तुम्हीच राहता.

या कायद्यांबद्दल एक खंत आहे. झाड लावून, जपून, नियमाने तोडणाऱ्याला जेवढे हेलपाटे पडतात, तेवढे रात्रीत डोंगर साफ करणाऱ्याला पडत नाहीत. मग माणूस सागवानाचं रोप लावतानाच विचार करतो की हे आपल्याला तोडता येईल का. नोंदणी करून लावलेल्या स्थानिक झाडांना तोडीची हमी आगाऊ मिळाली पाहिजे. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणाची दिशा तीच होती. ती तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोहोचायला हवी.

झाड न तोडता उत्पन्न मिळतं का?

मिळतं, आणि ते मोजायची सवय लावली पाहिजे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेचं काम यासाठी मुद्दाम पाहण्यासारखं आहे. सह्याद्रीतले थोराड बेहडे धनेशाच्या घरट्यांची झाडं आहेत. लाकडाला भाव नाही म्हणून ती जळाऊ भावाने जात होती. संस्थेने बेहडा आणि हिरडा यांची फळं ‘फेअरवाइल्ड’ या प्रमाणपत्राखाली, गोळा करणाऱ्यांना रास्त भाव देऊन, औषधी बाजारात नेली. झाड उभं राहण्याची किंमत मालकाच्या हातात आली तेव्हा झाड राहिलं. जुन्नर-आंबेगावकडे बाळहिरडा हे आदिवासी कुटुंबांचं नगदी उत्पन्न आहेच. कोकम, चारोळी, मध, शिकेकाई, सुरंगीचे कळे यांचाही हिशेब असाच मांडता येतो.

सरकारी जंगलात गावाला काही हक्क आहे का?

२००६ च्या वनहक्क कायद्याने आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू गौण वनोपज (गावाला गोळा करून विकता येणारं जंगलाचं उत्पन्न) ठरवला होता, तरी वाहतुकीचा परवाना गावाला मिळेना. गावचे नेते देवाजी तोफा आणि ग्रामसभेने नेटाने पाठपुरावा केला आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गावाने स्वतः बांबू विकला, मजुरी दिली आणि जंगलाचा हिशेब गावासमोर ठेवला. कोकणात जमीन खासगी असली तरी एक गोष्ट तिथून घ्यावी: निर्णय सगळ्यांसमोर बसून, हिशेब उघडा ठेवून.

दरवर्षी कोट्यवधी झाडं लावतात, वनाच्छादनाचे आकडेही वाढतात. मग काळजी कसली?

आकडा कशाचा ते आधी पाहा. २०२१ च्या वनस्थिती अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन सुमारे १६.५ टक्के आहे. पण उपग्रहाच्या या मोजणीत एक हेक्टरवर दहा टक्क्यांहून जास्त झाडोरा असलेली कोणतीही जमीन येते, मालकी आणि जात कोणतीही असो. म्हणजे शंभर वर्षांची राई तोडून हापूसची किंवा काजूची बाग लावली तरी काही वर्षांत नकाशा पुन्हा हिरवाच दिसतो. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. लावण्याचा उत्साह मी कमी लेखत नाही, पण कोकणात डोंगरावर रोप लावण्यापेक्षा आहे तो फुटवा आगीपासून सांभाळणं कितीतरी स्वस्त आणि खात्रीचं आहे. जानेवारीतच कडेने पाच-सहा हात रुंदीची जाळरेषा काढून पालापाचोळा साफ केला की अर्धं काम झालं.

आमचा सडा (कातळाचं पठार) उघडा आहे. तिथे झाडं लावू का?

नको. सडा उजाड नसतो. पावसाळ्यात कातळावर जी फुलं, जे गवत आणि पाण्याची डबकी दिसतात ती तिथलीच, दुसरीकडे न सापडणारी सृष्टी आहे. काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत. सुरुंग लावून खड्डे खणून आंबा लावण्याने हे सगळं जातं. झाडं सड्याच्या कडेला, घळीत, जिथे माती आहे तिथे लावा.

देवराईतलं वाळलेलं झाड मंदिराच्या जीर्णोद्धाराला वापरावं का?

शक्यतो नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूला संपलेल्या जाती तिथे तगलेल्या दिसल्या. वठलेलं झाडही राईचंच असतं. घुबड, सुतार पक्षी, बुरशी, भुंगेरे त्यावर जगतात. काँक्रीटचं मोठं मंदिर उभं करण्यासाठी राईतली झाडं विकणं तर फारच दुःखाचं, आणि ते गावोगाव घडतंय. देवाच्या नावाने राखलेलं रान देवाच्याच नावाने तुटू नये, हे गावात कुणीतरी ठामपणे बोललं पाहिजे.

घर बांधतोय. लाकूड कुठून घेऊ?

पहिल्यांदा जुनं. पडलेल्या घराचे वासे, वाड्यांचे खांब, दारं यातलं लाकूड पूर्ण वाळलेलं आणि पक्क्या गाभ्याचं असतं. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातही तसा माल मिळतो. खिळे काढून रंधा मारला की आतून नवंच निघतं. दुसऱ्यांदा, गावातलं: फणस, आंबा, शिवण, बांधावरचा साग, परवानगीने तोडलेला. तिसऱ्यांदा, शेतात वाढलेल्या झाडांचं प्लायवूड. परदेशी सागाचा मोह असेल तर तो कुठून आला ते विचारा. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यानंतरही ‘बर्मा टीक’ सर्रास विकला जातो.

आम्ही मुंबईत असतो. सातबाऱ्यावर बावीस नावं आहेत. काय करणार?

ठेकेदाराला अशीच जमीन सोपी पडते. एकेकाला गाठून सह्या घेतल्या जातात, प्रत्येकाच्या हातात थोडे पैसे येतात आणि गणपतीला गावी गेल्यावर डोंगर गेलेला दिसतो. सगळ्या नावांचा एक गट करा, त्यात झाडांची यादी आणि फोटो टाका, आणि सर्वांच्या लेखी संमतीशिवाय तोड नाही एवढा ठराव करा. गावात राहणाऱ्या भावाला राखणीचा मोबदला द्या. तो वणव्यामागे धावतो, वाटा साफ ठेवतो, आणि त्याला आजवर कुणी काही दिलेलं नसतं.

स्थानिक रोपं नर्सरीत मिळत नाहीत. बी कधी गोळा करायचं?

हिवाळ्यात बेहडा आणि साग, त्यामागोमाग हिरडा, बिबळा आणि किंजळ, उन्हाळा लागता ऐन, मे-जूनमध्ये शिवण, फणस, जांभूळ. एकाच झाडाचं न घेता पाच-दहा वेगवेगळ्या झाडांखालचं घ्या. फणस आणि जांभळाचं बी साठवून चालत नाही, खाल्ल्याच्या दिवशीच पिशवीत लावा. ऐन-किंजळीच्या पंखवाल्या बियांत पोचट फार निघतात, म्हणून लागतील त्याच्या कित्येक पट टाका. बेहड्याचं कवच कठीण असतं, ते रात्रभर पाण्यात भिजवा. सागाची फळं आलटून पालटून भिजवून उन्हात वाळवावी लागतात. रोप पहिल्याच पावसात लावायची घाई नको. एक वर्ष पिशवीत वाढवून कमरेएवढं झालं की पुढच्या जूनमध्ये लावा आणि पहिले दोन उन्हाळे त्याभोवतीचं गवत कापत राहा.